तुरटीवर घेतलेला आळ

आमच्या घरी दोन वर्षं कोणी तुरटीचं नाव काढत नव्हतं. तसा नियम कोणी केला नव्हता. पण किराण्याच्या यादीतून ती गेली, स्वयंपाकघरातल्या फळीवरून गेली, आणि दाढी झाल्यावर बाबा जो खडा गालाला लावायचे तोही एक दिवस न्हाणीतून नाहीसा झाला. विचारलं कोणीच नाही. शिकलेल्या माणसांचं घर आहे ना आमचं! आम्ही विचारत नाही, आम्ही गप्प बसतो आणि त्याला समजूतदारपणा म्हणतो.

या सगळ्याला कारण एक मासा. बाबांचा स्टिंग रे. गोड्या पाण्यातला, अंगानं चपटा आणि गोल, मागे काटेरी शेपटी, पाठीवर पिवळे ठिपके. बाबा सरकारी कचेरीतून रिटायर झाले तेव्हा लोकांनी सांगितलं होतं, देवधर्म करा, बागेत फिरायला जा. बाबा गांधीबागेच्या कापडबाजारात पडद्याचं कापड आणायला गेले आणि वाटेत माशांच्या दुकानात शिरले. कापड राहिलं, हे आलं. तेव्हा ते भाकरीएवढं होतं. चार वर्षांत परातीएवढं झालं.

"मासा हाय का तवा?" आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, आणि त्याचं नाव तवाच पडलं. त्याच्यासाठी हॉलमधला दिवाण काढावा लागला आणि तिथे सहा फुटांची काचेची टाकी आली. आई महिनाभर बोलत होती. पाहुणा आला की बाबांकडे हात करून सांगायची, "बसा ना, तुमची जागा यायच्या तव्यानं घेतली." पण त्याच्या खाण्याचे झिंगे साफ करून वाटीत ठेवायची तीच. नाकाला पदर लावून, शिव्या देत, पण रोज.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं पाण्यातच झालं. हा मासा खातो खूप आणि घाणही खूप करतो. त्या घाणीनं पाणी हळूहळू आंबट होत जातं, म्हणजे पीएच उतरतो. तो सावकाश उतरला तर मासा सांभाळून घेतो, एकदम वरखाली झाला तर मरतो. बाबांची पद्धत अशी: सकाळी टाकीतून सहा बादल्या काढायच्या, सहा टाकायच्या. चार नळाच्या, दोन बोअरच्या. नळाचं पाणी अंगणातल्या निळ्या ड्रममध्ये एक दिवस उभं राहिलेलं. आईचा पिण्याचा माठही त्याच ड्रममधून भरायचा. बोअरचं पाणी आमच्याकडे इतकं जड की साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोट्या पांढऱ्या होतात. बाबा म्हणायचे, "त्या पाण्यात ताकद हाय. आंबटपणा पिऊन टाकते ते."

बादल्या झाल्या की काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि जो रंग येईल तो ट्यूबलाइटखाली कार्डाशी जुळवायचा. मग वहीत तारीख, आकडा आणि एक शब्द. सहा पूर्णांक चार, खाल्लं. सहा पूर्णांक चार, खाल्लं. पानंच्या पानं तेच.

मी केमिस्ट. बुटीबोरीला कापड कारखान्यात आहे. रंगाचं सांडपाणी बाहेर सोडण्याआधी त्याचा पीएच मोजायचा आणि तो साताच्या आसपास आणून ठेवायचा, हे माझं वीस वर्षांचं काम. जास्त झाला तर ॲसिड, कमी झाला तर चुना. आकडा चुकीचा दिसला की माझा हात आपोआप डब्याकडे जातो. लग्न केलं नाही, त्यामुळे घरी कोणी माझं ऐकायला बांधील नव्हतं. म्हणून मी बाबांना ऐकवायची.

"बाबा, सहा पूर्णांक चार फार कमी आहे. सात पाहिजे. पुस्तकात सात दिलाय."

"पुस्तकात राहून राहिला का तो? आपल्या हॉलमधी राहून राहिला." मग कार्ड पुसून ठेवत म्हणायचे, "आकडा किती हाय ते नको पाहू वं. हलते का ते पाह्य. तो खाऊन राहिला ना? मंग झालं."

मला राग यायचा. कचेरीत आयुष्य काढलेला माणूस मला पीएच शिकवतो!

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये बाबांच्या छातीत दुखलं. तपासण्या झाल्या आणि बायपास ठरली. दवाखान्यात जायला ऑटो दाराशी उभा होता आणि हा माणूस एक पाय आत टाकून मला माशाचं सांगत होता. "चार नळाच्या, दोन बोअरच्या. रोज. आन् पाण्यात काहीच नको टाकू. आकडा कसाही दिसू दे, काहीच नको टाकू."

हे शेवटचं वाक्य मी दोन वर्षं कोणालाही सांगितलं नाही.

पहिले तीन दिवस बादल्या झाल्या. चौथ्या दिवशी सकाळी अंगणात आले तर आई ड्रमवर वाकून तुरटीचा खडा फिरवत होती. पावसाळ्यात आमच्याकडे नळाला चहासारखं पाणी येतं. आईचे दहा फेरे ठरलेले, मोजून, तोंडानं काहीतरी पुटपुटत. मग झाकण. संध्याकाळपर्यंत गाळ खाली आणि पाणी निवळशंख. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट. पण त्या दिवशी माझ्यातली केमिस्ट जागी झाली.

"अगं काय करतेस! तुरटीनं पीएच उतरतो! मासा मारायचाय का तुला?"

"दरसाल तर फिरवतो वं..."

ऐकायला कोण बसलंय! मी ड्रम तिरपा केला आणि सगळंच्या सगळं पाणी अंगणात सोडून दिलं. आईच्या साडीचा काठ भिजला. ती खडा हातात धरून उभी राहिली. मी म्हटलं, आता टाकीला हात लावायचा नाही. पाण्याचं काय करायचं ते मी बघीन.

आणि मी काय बघितलं? सकाळी सातची बस, संध्याकाळी दवाखाना. ड्रम रिकामा. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं ते गढूळ, म्हणून मी ते नको म्हटलं. नुसतं बोअरचं फार जड, तेही नको म्हटलं. रविवारी सावकाश करू म्हटलं. तीन दिवस एक बादली बदलली नाही. आई रोज दारात येऊन विचारायची, "दोन बादल्या टाकू का वं? माहा हात काही सडला नाही." मी म्हणायची, "तू राहू दे."

रविवारी मी प्रयोगशाळेतलं मीटर घरी आणलं. थेंबांवर आणि कार्डावर माझा विश्वास कधीच नव्हता. मीटर टाकीत बुडवलं. सहा पूर्णांक एक.

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण यात तुरटी कुठेही नाही. आंबट पाण्यात माशाच्या घाणीतला अमोनिया निपचित असतो, फारसं काही करत नाही. पीएच एकदम वर नेला की तोच विषारी होतो. हे मी कॉलेजात शिकले होते. परीक्षेत लिहिलं होतं, मार्क मिळवले होते. आणि तीन दिवसांची घाण साठलेल्या त्या पाण्यात मी स्वयंपाकघरातून खायच्या सोड्याचा डबा आणून, हिशेब करून, चमचे मोजून सोडा टाकला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही. दोन तासांत मीटरवर साडेसात आला. मी खूश! बाबांच्या वहीत, बाबांच्या ओळीखाली, ऐटीत लिहिलं: सात पूर्णांक पाच. आई दारात उभी राहून पाहत होती. तिला वाटलं, पोरगी काहीतरी औषध देते आहे.

पुढचा शब्द लिहिता आला नाही. तव्यानं झिंग्याकडे पाहिलंच नाही. तो तळाशी चिकटून बसला, डोळ्यांमागची श्वासाची भोकं भराभरा उघडमीट करत. जेवणं झाली तोवर त्याच्या अंगाची कड वर वळायला लागली, पापड भाजताना वळते तशी. मी पुस्तक काढलं, फोनवर शोधलं, माशांच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, कड वळली म्हणजे अब कुछ नहीं होता." हे सगळं चालू असताना आई टाकीपुढे जमिनीवर बसली होती. काचेला हात लावून म्हणत होती, "काय झालं रे बाप्पा तुले? खाय ना. ते येऊन राहिले ना आता घरी." चार वाजता भोकं हलायची थांबली.

आईनं माझ्याकडे वळून विचारलं, "माह्या तुरटीनं मेला का वं?"

सोड्याचा डबा टाकीच्या कडेला तसाच उघडा होता. चमचा आत होता. आणि मी म्हणाले, "हो."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एक आकडा खोटा लिहिला नाही, साहेबानं डोळे वटारले तरी लिहिला नाही. आणि आईशी एका अक्षराचं खोटं बोलायला मला श्वासभराचाही वेळ लागला नाही. ती रडली नाही. पदरानं काच पुसली, जिथे तिचा हात लागला होता तिथे. मग आम्ही दोघींनी त्याला जुन्या चादरीत घेऊन मागे लिंबाच्या झाडाखाली पुरलं. खड्डा तिनंच खणला. मला खणू दिला नाही.

तिन्हीसांजेला ती देवापाशी बसली होती तेव्हा मी मीटर घेऊन माठाकडे गेले. माठ तिनं माझ्या तमाशाच्या आदल्या संध्याकाळी तुरटी फिरवून निवळलेल्या पाण्यानं भरला होता, आणि त्यातलं थोडं अजून तळाशी उरलं होतं. तेच तुरटीचं पाणी. सात पूर्णांक एक. मग मी वही उलटी चाळली. आदल्या पावसाळ्यात बाबांच्या अक्षरात: तुरटी फिरवली, बोअरची एक बादली जास्त, सहा पूर्णांक चार, खाल्लं. त्याच्या आधीच्या दोन्ही वर्षीही तेच. ती दर पावसाळ्यात तुरटी फिरवत होती, हे बाबांना ठाऊक होतं, आणि तिला एका शब्दानं न दुखवता त्यांनी एक बादली वाढवून ते सांभाळून घेतलं होतं. तो मासा तीन पावसाळे त्या पाण्यात जगला. माझ्या एका रविवारात मेला.

म्हणजे मला त्याच संध्याकाळी सगळं कळलं होतं. देवघर माठापासून आठ पावलांवर होतं.

बाबा घरी आले त्या दिवशी आईनं दारातच सांगितलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हात तसाच ठेवून म्हणाली, "तुमचा तवा गेला. माह्या हातानं गेला. तुरटीनं." बाबा सावकाश हॉलमध्ये गेले, खुर्चीवर बसले, वही मागितली. माझी ओळ त्यांनी पाहिली. सात पूर्णांक पाच. आदल्या ओळीपासूनची ती उडी पाहिली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आता बोलतील, मला वाटलं. एकदाचं बोला, वाटलं.

"राहू दे," एवढंच म्हणाले आणि वही मिटली.

दोन-तीन दिवसांनी अंगणात मला एकटीला गाठून हळूच म्हणाले, "तुही नोकरीच त्याची हाय. लोकाईले समजलं तर काय म्हणतील? हसतील तुले. तिचं काय, ती विसरून जाईन."

त्या क्षणी मला संताप यायला हवा होता. तिचं काय म्हणजे? पण नाही आला. खरं सांगायचं तर बरं वाटलं. छातीला टाके घातलेला बाप माझी इज्जत वाचवतो आहे, म्हणून डोळे भरून आले! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर कोण तर मी, आणि जल्लाद आम्ही दोघं बापलेक, आणि डोळे माझे भरून आले. आज आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

ती विसरली नाही. बाबांना दवाखान्यात नेलं त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं होतं, आम्ही दोघं त्यातलं प्यायचो. आई म्हणायची, "मले नाही आवडत मशीनचं, चव नाही त्याले." तिचा माठ तिचाच राहिला. फक्त ड्रमवर आता ती वाकत नव्हती. पाणी लुगड्याच्या तुकड्यातून तीनदा गाळायची आणि माठात ओतायची. गाळून गढूळपणा जातो थोडाच? गेल्या पावसाळ्यात तिचं पोट आठ दिवस बिघडलं. मी गोळ्या आणून दिल्या आणि वर ओरडले, "मशीनचं पी म्हणून किती वेळा सांगायचं तुला?" ओरडले! मी, तिच्यावर!

यंदा ऑगस्टमध्ये कुहीहून आत्या आली. शेतात धानाची रोवणी आटोपली होती, दोन दिवस भावाकडे राहायला म्हणून. दुपारी तिनं माठातून पेला भरला, उजेडात धरला आणि म्हणाली, "हे काय वं वहिनी? चिखल पेऊन राहिली का तू? तुरटी नाही फिरवत?"

आई अंबाडी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही बाई. माह्या तुरटीनं यायचा मासा मेला. मंग हातच नाही लावला तिले. या हाताले यश नाही."

बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. म्हणाले, "अवं, जाऊ दे ना ते आता." आणि पान उलटलं.

त्या पान उलटण्याच्या आवाजानं माझं डोकं सटकलं. दोन वर्षांत न आलेला राग एकदम आला. त्यांच्यावर आला, माझ्यावर आला, त्या सुपात अंबाडीची पानं निवडणाऱ्या शांत हातांवरसुद्धा आला. अगं, भांड ना एकदा! विचार ना!

"आई, तुरटीनं नाही मेला तो," मी म्हणाले. आवाज इतका मोठा झाला की आत्या दचकली. "मी मारला. मी सोडा टाकला. बाबांनी काही टाकू नको म्हणून बजावलं होतं, तरी टाकला. तुझ्या तुरटीनं काहीच झालं नव्हतं."

आईचे हात थांबले. "सोडा? खायचा?"

"हो. तुझ्या डब्यातला."

"तुले कधी समजलं?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

तिनं बाबांकडे पाहिलं. "तुमाले?"

बाबांनी चष्मा काढला. पेपरची घडी घातली, ती पुन्हा नीट घातली. "दवाखान्यातून आलो त्या दिवशी," ते म्हणाले.

आईनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. रडेल असं वाटलं, निदान सूप तरी आपटेल. तिनं साध्या आवाजात विचारलं, "मंग दोन पावसाळे मी हे पाणी काहून पेली?"

माझ्याकडे माफीची वाक्यं तयार होती, दोन वर्षं घोकलेली. त्यातलं एकही या प्रश्नाला लागू पडत नव्हतं.

ती उठली. अंबाडीचे देठ पदरातून झटकले. फळीवरून स्टीलचे दोन पेले घेतले, माठाचं झाकण काढलं, ओगराळं थेट तळापर्यंत घातलं आणि पेले काठोकाठ भरले. एक बाबांपुढे ठेवला, एक माझ्यापुढे.

"प्या."

"अवं वहिनी," आत्या म्हणाली, "दादाले डॉक्टरनं सांगितलं ना..."

"तू चूप राय वं."

बाबांनी पेला उचलला. थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं, पण ते प्यायले. मीही प्यायले. मातीची चव होती, आणि मागून किंचित लोखंडाची. दोन्ही पेले आम्ही खाली ठेवले. आई वाकली आणि आधी एका पेल्यात, मग दुसऱ्यात पाहिलं.

"गाळ राहिला," ती म्हणाली. "तो बी प्या."